कॉमेंट्रीची पेटी घेताना बोलणाऱ्यालाही विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी थेट प्रक्षेपणाच्या तंत्रावर लेख आला होता. लेख छान होता, कॅमेऱ्यांबद्दल भरपूर माहिती होती, आवाजाच्या वाट्याला मात्र एक छोटी चौकट आली. त्या चौकटीत असं लिहिलं होतं की आता निवेदकासमोर हातभर पसारा नसतो, नेटवर्कवर चालणारी एक छोटीशी पेटी असते, एक केबल लावली की काम झालं. हे वाचून आम्ही बोलणारे लोक जरा हसलो आणि मग जरा वैतागलोही, कारण नेमकं हेच वाक्य आम्ही गेली काही वर्षं सामान विकणाऱ्यांकडून, सामान घेणाऱ्यांकडून आणि सामान लावणाऱ्यांकडून ऐकतोय. त्या पेटीसमोर बसून तासन्तास बोलणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही की बाबा तुला काय हवंय. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून हे पत्र.

ज्यांनी ही पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. दोन तळहातांखाली झाकली जाईल एवढीच असते, समोरून उतरती, वर दोन-चार मोठी बटणं आणि दोन-तीन गोल नॉब. मागे हेडसेट लावायचं सॉकेट आणि नेटवर्कचं पोर्ट. एक बटण माइक हवेवर घ्यायचं, म्हणजे आपला आवाज लोकांपर्यंत जाऊ द्यायचं, आणि काढायचं, एक खोकल्याचं म्हणजे कफ बटण, ते दाबून धरलं की तेवढ्यापुरता आवाज बाहेर जायचा थांबतो, आणि बाकीची टॉकबॅकची, म्हणजे ते दाबलं की तुमचं बोलणं लोकांना ऐकू जायचं बंद होऊन फक्त डिरेक्टरला किंवा प्रोड्यूसरला जातं. नॉब असतात ते कानासाठी. कार्यक्रमाचा आवाज किती, डिरेक्टरच्या सूचना किती, शेजारच्या जोडीदाराचा आवाज किती, स्वतःचा किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बस, एवढंच. पण थेट प्रक्षेपण चालू असताना निवेदकाच्या हातात जे काही असतं ते एवढंच असतं, बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातात, त्यामुळे या एवढ्याशा पेटीबद्दल आम्ही एवढे हळवे का, हे लक्षात येईल.

नेटवर्क आलं ते चांगलंच झालं, यात मला वाद घालायचा नाही. आधी प्रत्येक आवाजाला तारांची स्वतंत्र जोडी लागायची, माइकची एक, टॉकबॅकची एक, कानात येणाऱ्या प्रत्येक आवाजाची आणखी एकेक, आणि दोन किंवा तीन निवेदक असले की मनगटाएवढ्या जाड मल्टिकोर केबली ओबी व्हॅनपर्यंत, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीपर्यंत, ओढायच्या. मग व्हॅनची वीज एका ठिकाणची आणि कॉमेंट्री बॉक्सची, म्हणजे आम्ही बसतो त्या खोलीची, दुसऱ्या ठिकाणची, की अर्थिंगच्या भानगडीमुळे सगळ्यात मिळून एक घुंईऽऽ अशी गुणगुण, ती शोधण्यात साउंडवाल्यांची अर्धी सकाळ जायची. आता आवाज पेटीतच डिजिटल होतो, सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा, आणि साध्या नेटवर्क केबलवरून निघतो. एका आवाजाला मोजून सव्वा मेगाबिटसुद्धा लागत नाही, वर आवाज ज्या बारीकसारीक पाकिटांत भरून पाठवतात त्यांचा बोजा धरला तरी एका गिगाबिट केबलवर ५१२ आवाज जातात आणि तेवढेच परत येऊ शकतात, त्यामुळे तीन निवेदकांचं सामान म्हणजे तिच्या दृष्टीने किस झाड की पत्ती. बहुतेक पेट्या ज्या दान्ते नावाच्या पद्धतीवर चालतात ती ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची, २००६ पासूनची. मग वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून २०१३ मध्ये एईएस६७ हे मानक आलं, आणि २०१७ पासून टीव्हीवाल्यांचं एसएमपीटीई २११०, त्यातला आवाजाचा भाग याच एईएस६७ वर उभा आहे. हे सगळं तुमच्या लेखात यायला हवं होतं असं मला वाटतं, असो.

वीजही त्याच केबलमधून येते. ही सोय २००३ मध्ये मानकात आली, स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याच्या, एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि १०० मीटरच्या केबलमध्ये थोडी वीज खर्ची पडून पेटीपर्यंत सुमारे १३ वॅट पोचतात, तेवढ्यात पेटी चालते, तिचे दिवे चालतात आणि काही माइकना लागणारे ४८ व्होल्टही मिळतात. म्हणजे खरंच एक केबल. टेबलावर अडॅप्टर नाही, प्लग शोधत टेबलाखाली रांगायला नको.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते ती सांगतो. दान्तेमध्ये कुठला आवाज कुठे जायचा हे पेटीच्या नावावर लक्षात ठेवलं जातं. म्हणजे पेटी ऐनवेळी बिघडली तर ती काढायची, दुसरी लावायची, तिला आधीच्या पेटीचं नाव द्यायचं, की पलीकडे कुणी काही न करता पेटीतून बाहेर जाणारे सगळे आवाज आपोआप परत जोडले जातात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली. फक्त जुनी पेटी आधी काढा हो, दोघी एकाच नावाने नेटवर्कवर आल्या तर एकीच्या नावापुढे आपोआप २ लागतो आणि मग आवाज कुठे गेला म्हणून शोधाशोध. आणि पेटीच्या आतल्या सेटिंग, म्हणजे कानात कुठले आवाज घ्यायचे, गेन किती, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा, बटण कसं चालायचं, या नावाबरोबर येत नाहीत, त्या वेगळ्या भरायला लागतात, हे घाईत लोक हमखास विसरतात.

आता तक्रारीकडे येतो.

पूर्वी वेगवेगळ्या तारा होत्या ना, त्यामुळे बिघाडही वेगवेगळे व्हायचे. कानातला आवाज गेला तरी माइक चालू असायचा, टॉकबॅक गेलं तरी कानात डिरेक्टर ऐकू यायचा, काहीतरी शिल्लक राहायचं. आता केबल गेली की सगळं एकदम गेलं. माइक गेला, कान गेले, टॉकबॅक गेलं, दिवेही गेले. माझ्या बाबतीत झालंय हे, कार्यक्रम कुठला आणि सामान कुणाचं ते सांगत नाही. कॉमेंट्री बॉक्सच्या कोपऱ्यातला नेटवर्क स्विच ज्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला होता त्यालाच एका भल्या माणसाला मोबाइल चार्ज करायचा होता, जागा नव्हती, म्हणून त्याने एक प्लग काढला. नेमका तोच. एका क्षणात कान ठार बंद. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, तोंडं हलताहेत, आवाज जातोय की नाही माहीत नाही, डिरेक्टर कानात ओरडतोय की गप्प बसलाय तेही माहीत नाही, सांगायचं कुणाला तर सांगायचं बटणही त्याच पेटीवर. प्लग लगेच परत लागला पण स्विच उठायला वेळ घेतो, आणि स्विच उठला तरी त्याची सेटिंग जुन्या पद्धतीची असेल तर प्रत्येक पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो आणि मग कुठे आवाज जाऊ देतो. ही ३० सेकंदं ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळतसुद्धा नाहीत. थेट प्रक्षेपणात ३० सेकंद शांतता म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याला विचारा. बरं ही वाट बघणं टाळायची सेटिंग स्विचमध्ये असते, ती करायला मिनिटभर लागतं, पण त्यासाठी आवाजाचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क यात फरक असतो हे माहीत असलेला माणूस लागतो आणि "एक केबल लावली की झालं" म्हणणारे नेमका त्या माणसालाच घरी बसवतात.

उपाय नाहीत असं नाही. बऱ्याच यंत्रांवर दोन नेटवर्क पोर्ट असतात, दोन वेगळ्या केबली दोन वेगळ्या स्विचना लावल्या की एक गेली तरी ऐकणाऱ्याला काही कळत नाही, दोन्हीकडून तोच आवाज सतत जात असतो. काही पेट्यांवर माइकचा आवाज जुन्या पद्धतीच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटमधूनही बाहेर काढता येतो, ती एक साधी तार व्हॅनपर्यंत टाकून ठेवली तर माइकच्या आवाजाला निदान दुसरी वाट राहते, पण मग त्या पेटीला वीज तरी दुसरीकडून मिळायला हवी, नाहीतर तीही मुकीच. आणि स्विचला यूपीएस. हे सगळं मिळतं. पण घेताना काय होतं, छोट्यात छोटी पेटी बघितली जाते आणि दुसरा पोर्ट असलेलं मॉडेल उगाच महाग म्हणून बाजूला पडतं, आणि ज्याला ती वापरायची असते तो त्या मीटिंगला नसतो.

केबलीच्या टोकाची एक गंमत सांगतो, म्हणजे आता गंमत वाटते. नेटवर्क केबलच्या पिनेला ती प्लॅस्टिकची छोटी जीभ असते बघा, टक् असा आवाज करून बसणारी. ती तुटते. चार-पाच कार्यक्रम झाले की तुटतेच, कारण केबल गुंडाळताना, ओढताना ती कशाततरी अडकते. तुटली तरी पीन आत जाते आणि बसल्यासारखी दिसते, दिवाही लागतो, आणि मग तुम्ही जरा पेटी स्वतःकडे सरकवली की सगळं बंद. यावर उपाय म्हणजे धातूचं कवच असलेलं कुलपी टोक, स्टेजवाले लोक ते सर्रास वापरतात. त्यात पेटी जितकी छोटी आणि हलकी तितकी केबल तिला ओढून टेबलाच्या कडेवर आणते, हेही कुणाच्या डोक्यात येत नाही. छोटी हवी, मान्य, टेबलावर नावांची यादी, आकड्यांचे कागद, मॉनिटर, पाण्याची बाटली सगळं असतं, पण वजन हवं हो तिला थोडं, नाहीतर खाली रबर हवं.

पण माझं खरं भांडण बटणांशी आहे.

कफ बटण घ्या. खोकला, शिंक, घोट, जोडीदाराला एक शब्द, यासाठी ते. ते दाबून धरेपर्यंतच आवाज बंद आणि सोडलं की चालू, असं असायला हवं, यात दुमत नाही. पण हवेवर जायचं जे मोठं बटण आहे ते एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, असं असतं, आणि या पेट्यांमध्ये कुठलं बटण कसं चालणार हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं. काही ठिकाणी तिसराच प्रकार असतो, पटकन टिचकी मारली तर अडकून राहतं आणि दाबून धरलं तर धरेपर्यंतच चालतं. प्रत्येक प्रकाराचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण आज या पेटीवर एक प्रकार आणि पुढच्या कार्यक्रमाला तशीच दिसणारी पेटी पण सेटिंग दुसरी, तर बोटाने करायचं काय? थेट बोलताना बटण डोक्याने नाही, बोटाने दाबलं जातं. टॉकबॅकचं बटण टिचकीने अडकून राहिलं आणि तुम्ही सोडलंय समजून मस्त वर्णन करताय, पण ते ऐकतोय एकटा डिरेक्टर, लोकांना शांतता. आणि उलटं झालं तर त्याहून वाईट, टॉकबॅक दाबल्यावर हवेवरचा आवाज आपोआप बंद व्हायला हवा ही सेटिंग कुणी काढून ठेवली असेल तर तुम्ही डिरेक्टरला जे खाजगीत सांगताय ते घराघरांत ऐकू जातं, आणि मग दुसऱ्या दिवशी तुमच्याच पेपरात बातमी येते की निवेदकाचा तोल सुटला.

दिवा हा दुसरा घोळ. बटणात लाल दिवा लागला म्हणजे माइक चालू की माइक बंद? हवेवरच्या बटणाचा लाल म्हणजे चालू. पण मी अशीही पेटी वापरलीय जिच्यावर कफ दाबला की लाल, म्हणजे इथे लाल म्हणजे बंद. आणि दोन्ही बटणं शेजारी शेजारी. माझ्याबरोबर बसणारे एकजण लाल-हिरव्यात फरक करू शकत नाहीत, पुरुषांमध्ये हे अजिबात दुर्मीळ नाही, त्यांना तर दिवा लागलाय की नाही एवढंच कळतं, रंग नाही. त्यांनी शेवटी पेटीवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनने लिहून ठेवलं. पेटी बघितली की वाटतं केवढी देखणी वस्तू आणि वर ती पट्टी, पण काम त्या पट्टीनेच होतं.

आणि बटण दाबल्यावर आवाज तोडतो कोण, हा प्रश्न तर कुणीच विचारत नाही. चांगल्या पेटीत तो पेटीतच तुटतो, नेटवर्कवर जायच्या आधी, आणि टक् असा आवाज न होता. पण काही मांडण्यांमध्ये पेटी फक्त निरोप पाठवते की बाबा माझा आवाज बंद कर, आणि बंद करणारं मिक्सर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र, दुसरीकडे कुठेतरी, कधीकधी शेकडो किलोमीटरवर असतं, कारण हल्ली सगळा क्रू मैदानावर येत नाही, निवेदक एकीकडे आणि मिक्सर दुसरीकडे. नेटवर्क धड असेल तर फरक कळणार नाही. पण निरोपाला जरा उशीर झाला की अर्धी शिंक गेलीच बाहेर. माझं म्हणणं एवढंच, कफ बटणाने आवाज निवेदकाच्या पेटीतच तुटायला हवा, यात सोयीस्कर, लवचिक वगैरे काही ऐकून घेऊ नये.

आता कान. लोकांना वाटतं निवेदकाचं काम तोंडाचं, पण आमचं निम्मं काम कानाचं असतं. हेडफोन घातल्यावर स्वतःचा आवाज कानात थोडा यावा लागतो, नाहीतर माणूस ओरडायला लागतो, बहिरेपणा आल्यासारखं वाटतं. हा आवाज पेटीने आतल्या आत लगेच द्यायला हवा, व्हॅनला जाऊन परत आलेला नको. नेटवर्कचा स्वतःचा उशीर तसा किरकोळ, दान्तेवर नेहमीचा उशीर १ मिलिसेकंद ठेवलेला असतो, तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे समोरच्या माणसाने खुर्ची फूटभर मागे घेतली एवढाच फरक. पण पुढे डिजिटल मिक्सर, त्यापुढे आणखी एखादं यंत्र, असं करत तो आवाज आणखी काही मिलिसेकंदांनी परत आला की स्वतःचा आवाज पोकळ वाटायला लागतो. कारण आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो, तो लगेच येतो आणि हेडफोनमधला मागून, दोघांची कापाकापी होते. बोलणाऱ्याला वाटतं आज माझा घसा बसलाय. घसा ठणठणीत असतो.

आणि उशीर खूप वाढला तर विचारूच नका. स्वतःचा आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा कानात आला तर भल्याभल्यांची ततपप होते, शब्द लांबतात, अडखळायला होतं, हे १९५० च्या सुमारापासून अभ्यासकांना माहीत आहे. उपग्रहावरून कार्यक्रमाचा आवाज परत आला तर तो ३६ हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली करत पाव सेकंद उशिरा येतो, म्हणजे बरोब्बर त्याच वाईट पट्ट्यात. म्हणून निवेदकाच्या कानात कार्यक्रम पाठवताना त्याचा स्वतःचा आवाज वगळून पाठवायचा असतो, ही अगदी जुनी रीत, नवीन काही नाही. नेटवर्कवर ते करणं तर जास्त सोपं, पण सोपं असल्यामुळेच चुकतं, कॉम्प्युटरवरच्या आवाज जोडायच्या तक्त्यात माउसची एक टिचकी चुकीच्या चौकोनात पडली की पूर्ण कार्यक्रम कानात. आणि बाहेर ऐकणारे म्हणतात आज निवेदकाची तयारी नव्हती वाटतं. एखादा निवेदक अचानक संथ, ओढून ओढून बोलायला लागला आणि त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवलेला दिसला, तर समजून घ्या, बिचाऱ्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतंय.

नॉबबद्दलही एक सांगतो. मला नॉब हातात हवा, पडद्यावरची पट्टी नको. नॉब न बघता फिरवता येतो, पट्टी बघून सरकवावी लागते, आणि बघायचं असतं समोर. काही पेट्यांमध्ये नॉब पूर्ण मागे फिरवला तरी डिरेक्टरचा आवाज अगदी बारीक चालूच राहील अशी सोय असते, ती फार शहाणपणाची, कारण नॉब चुकून शून्यावर गेल्यामुळे "कानात काहीच येत नाही" अशी बोंब नेहमीच होते. उलट वरच्या टोकाला मर्यादा हवी, तिचा विचार फारच कमी होतो. आजूबाजूला गर्दीचा कल्लोळ असतो, त्यावर मात करायला आम्ही आवाज वाढवत नेतो, आणि ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षिततेची मर्यादा धरली तर प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला एकच तास उरतो. आमचे कार्यक्रम तासाचे नसतात. कान झाकणारा चांगला बंद हेडसेट दिला तर आवाज मुळात वाढवावाच लागत नाही, पण तिथेही पैसे वाचवतात, पेटी नवी कोरी आणि हेडसेट कुठल्यातरी जुन्या खोक्यातला, स्पंज गळालेला.

आणखी एक, हे जरा नाजूक आहे. नेटवर्कवर आवाज म्हणजे त्या नेटवर्कवर लॅपटॉप लावणाऱ्या कुणालाही, अडवणूक केली नसेल तर, यादीत प्रत्येक पेटी नावानिशी दिसते आणि तिचा आवाज आपल्याकडे वळवून घेता येतो. हवेवर जाणारा तर सगळेच ऐकतात, त्याचं काही नाही, पण टॉकबॅकवर आम्ही डिरेक्टरशी काय बोलतो ते तिसऱ्याने का ऐकावं? कुणाला काय दिसावं हे खात्यांनुसार वाटून देणारं सॉफ्टवेअर मिळतं, आवाजाचं नेटवर्क पाहुण्यांच्या इंटरनेटपासून वेगळं ठेवणं तर फुकटच आहे. तरीही मी असे कॉमेंट्री बॉक्स पाहिलेत जिथे त्याच स्विचच्या उरलेल्या पोर्टांत येणारे-जाणारे स्वतःचे लॅपटॉप खुपसत असतात. त्याने आवाज तुटतो तो वेगळाच, कारण या सगळ्या यंत्रांचं घड्याळ एकमेकांशी मायक्रोसेकंदांत जुळवलेलं असतं, आणि भलत्या गर्दीने किंवा स्विचच्या वीज वाचवायच्या सोयीने ते हललं की टिक टिक असे आवाज सुरू. ती वीज वाचवायची सोय बंद करून ठेवा असं दान्तेवाले स्वतःच सांगतात.

माइकचा गेन लांबून बदलता येतो हे विकणारे फार कौतुकाने सांगतात. आहेच कौतुकाचं, आमच्या मानेमागून हात घालून कुणी स्क्रू फिरवायला नको. फक्त एक करा, बदलायच्या आधी कानात सांगा. बोलता बोलता मध्येच स्वतःचा आवाज कानात चढला की आपोआप आपण हळू बोलतो, मग तिकडचा माणूस अजून गेन वाढवतो, मग आम्ही अजून हळू, असा तो खेळ बराच वेळ चालू शकतो आणि दोघंही एकमेकांना नावं ठेवतात.

तर ज्या वाहिन्या, संस्था, आयोजक ही पेटी घेणार असतील त्यांना माझी विनंती आहे. घेण्याआधी ती एखाद्या निवेदकासमोर ठेवा, त्याला हेडसेट घालून खरंच बोलायला लावा, डोळे मॉनिटरवर ठेवून बटणं दाबायला लावा. आणि तो बोलत असताना केबल उपसा. स्विचची वीज काढा. किती वेळात परत येतंय ते घड्याळ लावून बघा, आणि परत आल्यावर माइक आपोआप हवेवर चालू होतो की बंद राहतो तेही बघा, कारण आम्ही त्या मधल्या वेळात काय काय बोललेलो असतो ते लोकांनी ऐकण्यासारखं नसतं. बटणांची सेटिंग एकदा ठरली की सगळ्या पेट्यांवर तीच ठेवा आणि एका कागदावर छापून पेटीशेजारी चिकटवा. कुठलं बटण टिचकीने अडकतं, कुठलं नाही, लाल म्हणजे काय, डाव्या कानात कोण, उजव्यात कोण, एवढं पुरे. तो कागद करायला साउंडवाल्याला दहा मिनिटं लागतात, फक्त त्याला ती दहा मिनिटं आणि निवेदकाशी बोलायची संधी द्या, बहुतेक वेळा दोघांची भेटच कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी होते.

आणि तुमच्या लेखकांनी पुढचा भाग लिहायचा ठरवला तर कॅमेऱ्यांइतकीच जागा आवाजाला द्या, मी आणि माझे साउंडवाले मित्र दोघंही माहिती द्यायला तयार आहोत.

आपला नम्र,
थेट प्रक्षेपणातला एक निवेदक